शेळी जुळ्यातलं एकच करडू पाजते, दुसऱ्याला ढुशी देते: आधी काय बघायचं, मग काय करायचं

दिवाळीच्या मागंपुढं आमच्या माण तालुक्यात शेळ्यामेंढ्या विण्याची घाई सुरू झाली की ठरलेला फोन येतो. "वैनी, दोन दिली. एकाला पाजती, दुसऱ्याला जवळ पण येऊ देईना." कधी म्हसवडकडून, कधी खाली आटपाडीकडून. आमच्याच गोठ्यात हे सलग तीन वर्षं झालं. दोन वर्षं मी शेळीला शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी कळलं की चूक माझीच होती.

त्या वर्षी चांदी पहाटे साडेचारला व्यायली. थंडी अशी की पत्र्यावरनं दव ठिबकत होतं. पहिलं करडू पडलं तशी धाकट्यानं ते उचललं, गोणपाटात गुंडाळलं आणि थेट चुलीपुढं नेलं. मी कोमट पाण्यात जंतुनाशकाचे चार थेंब टाकून ते नाकापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कोरडं केलं. कानाच्या कडा पांढऱ्या, कपाळावर टिकली. पोरं भोवती जमली, चहा झाला, आणि उजाडल्यावर मी ते गोठ्यात घेऊन गेले. मधल्या वेळात चांदीनं दुसरं दिलं होतं. ते तिनं एकटीनंच चाटून उभं केलं होतं आणि ते शेपटी हलवत पीत होतं. मी पहिलं तिच्यापुढं ठेवलं. तिनं मान खाली घातली, त्याच्या शेपटीखाली नाक लावलं, क्षणभर थबकली, आणि खालून शिंग घालून असं उडवलं की ते गव्हाणीच्या दगडावर जाऊन आपटलं. ते उठून परत आलं. तिनं परत हुंगलं आणि परत ढुशी दिली.

आत्या ओट्यावरनं बघत होत्या. म्हणाल्या, "आगं, तू त्येला आंघूळ घातलीस. आता ती कुनाचं म्हनून घील त्येला?"

सगळं दुखणं या एका वाक्यात आलं. पुढचं सगळं त्याचाच पाल्हाळ आहे.

ठसा कुणावर उमटतो

पिल्लू जन्मल्यावर जे पहिलं हलतं-बोलतं दिसतं त्याच्या मागं लागतं, हे बदकांच्या आणि कोंबड्यांच्या बाबतीत बहुतेकांना माहीत असतं. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९३५ साली त्यावर सविस्तर लिहिलं. त्याच्या मागं रांगेनं चालणारी राखाडी हंसांची पिल्लं जगभर गाजली, आणि १९७३ साली त्याला नोबेलही मिळालं. पण शेळीमेंढीचा कारभार उलटा आहे. करडू पहिल्या दिवशी भुकेपोटी कुठल्याही कासेला तोंड लावायला जातं. घाईघाईनं पक्का ठसा उमटतो तो आईच्या डोक्यात. 'हा वास माझा' हे ती विल्यानंतरच्या थोड्या वेळात शिकते, आणि शिकली की बाकीच्या सगळ्यांना दार बंद.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या पीटर क्लॉपफर यांनी १९६४ साली हे शेळ्यांवर करून बघितलं. काही शेळ्यांकडं विल्याबरोबर फक्त पाच मिनिटं करडू ठेवलं आणि मग काढून घेतलं. ते तासा-दोन तासांनी, तीन तासांनीसुद्धा परत दिलं तर बहुतेक शेळ्यांनी घेतलं. ज्यांना ती पाच मिनिटं मिळालीच नाहीत, त्यांतल्या बहुतेकींनी स्वतःच्या पोटचं करडू हाकलून दिलं. आमच्या चुलीपुढं गेलेला तास-दीड तास म्हणजे हेच.

हा दरवाजा उघडतो कशानं, तेही समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. करडू बाहेर येताना गर्भाशयाचं तोंड आणि वाट ताणली जाते. तो ताण मेंदूला पोचतो आणि तिथं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. पान्ह्याच्या वेळी जे सुटतं तेच. त्याच वेळी आणखी एक नवल घडतं. एरवी पाणमोटीच्या, म्हणजे गर्भाच्या पिशवीच्या, चिकट पाण्याचा वास आला तर मेंढी तोंड फिरवते; विल्याबरोबर तीच मेंढी ते पाणी जमिनीवरनं, गवतावरनं चाटत सुटते. त्या ओल्या अंगाला चाटता चाटताच ती वास पाठ करते. म्हणून करडू पुसून कोरडं केलं की आपण पाटी पुसून पोराला 'वाच' म्हटल्यासारखं होतं. अवघड वीण होऊन पोट फाडून काढलेल्या करडाला आई का झिडकारते, याचंही बरंचसं उत्तर इथंच आहे: वाट ताणलीच गेली नाही.

आधी निदान करा, मग शेळीला बांधा

फोनवर 'पाजत नाही' एवढंच सांगतात. पण 'पाजत नाही' बहुतेक वेळा दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हीचे उपाय वेगळे. दहा मिनिटं लांब बसून नुसतं बघा. तिनं आधी हुंगलं आणि मग डोक्यानं ढुशी दिली, तर भांडण वासाचं आहे. हुंगून गप्प उभी राहिली, आणि सडाला तोंड लागताच मागच्या पायानं लाथ मारली किंवा चटकन बसली, तर भांडण कासेचं आहे. हा फरक न बघता मी एकदा कासेत दुखणाऱ्या शेळीला दोन दिवस खुंट्याला आवळून बांधलं होतं. आजही आठवलं की जीव खातो.

कासेचं असेल तर हात लावून बघा. एक बाजू गरम, टणक लागते का? चार धारा काळ्या फडक्यावर काढा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसलं तर दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली. घरगुती लेप घालत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. पहिलारू शेळीची कास कधी नुसतीच सुजून ताठरलेली असते. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून, हातानं थोडं दूध काढून टाकलं की ती सैल सोडते. सडाच्या टोकाला मेणासारखं बूच बसलेलं असतं, ते पहिल्या धारेनं निघालं पाहिजे. करडू कमजोर असलं तर त्याच्यानं ते निघत नाही आणि आपण म्हणतो पाजत नाही. करडाच्या तोंडात बोटही घालून बघा. जन्मतःच पुढचे दात आलेले असतात आणि एखाद्याची धार चांगलीच लागते. आमच्याकडं एकदा बारीक कानशीनं हलकीशी धार मोडली आणि तंटा मिटला.

तिसरी एक तऱ्हा आहे: पहिलारू शेळी दोन्ही करडांना घाबरून कोपऱ्यात पळते. ढुशी नाही, लाथ नाही, नुसती पळापळ. तिला माणसांची गर्दी नको असते. पोरांना हाकला, बॅटरी बंद करा, तिला आणि करडांना आडोशाला बंद करून निघून या. अर्ध्या तासानं बघायला गेलं की बऱ्याचदा चाटत असते.

वासाचं भांडण: किती वेळ झाला त्यावर उपाय

व्यायल्याला तास-दोन तासच झाले असतील तर अजून बरंच हातात आहे. वार (विल्यानंतर पडणारं गर्भाचं आवरण) पडायची असेल किंवा नुकतीच पडली असेल, तर तिचं पाणी, खालचं ओलं गवत, दुसऱ्या करडाच्या अंगावरचा चिकटा, जे मिळेल ते नाकारलेल्या करडाच्या अंगावर चोळा. पाठीवर चोळून भागत नाही. शेळी हुंगते शेपटीखाली आणि डोक्यावर, तिथं चोळा. मग दोन्ही करडं तिच्या नाकापुढं एकदमच ठेवा. आत्या यावर जाड मीठ भुरभुरायच्या. मिठासाठी ती चाटायला लागते आणि चाटता चाटता ओळख होते. युक्ती चांगली आहे, पण पहिल्या काही तासांतच. दुसऱ्या दिवशी मीठ टाकलं तर मीठ चाटून खाईल आणि मग ढुशी देईल.

वारेला हात लावताना हातमोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार वारेच्या पाण्यातनं माणसाला होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिला विणाऱ्या शेळीजवळ फिरकू देऊ नका. आणि गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, शेळीची वार, पाणी हे असं दुसऱ्या करडाला चोळायचं अजिबात नाही. खोल खड्डा करून पुरा.

अर्धा दिवस उलटला असेल तर वास पक्का झालेला असतो. आता तिची समजूत घालून उपयोग नाही, तिला नाइलाजानं सवय लावावी लागते. अरुंद जागेत, दोन बाजूंना फळ्या लावून, मान पुढं अडकेल पण खाता-पिता आणि बसता येईल अशी सोय करायची. पुढं हिरवा चारा, पाणी. मागं वळून हुंगता येत नाही, आणि करडं मागनं पितात. तिचं दूध त्याच्या पोटातनं जाऊन लेंडीला तिच्याच दुधाचा वास यायला लागतो. शेपटीखाली तिला हळूहळू ओळखीचं काही लागायला लागतं. कुणी दोन दिवसांत घेतं, कुणाला आठवडा लागतो. दिवसातनं दोनदा मोकळी सोडून बघा. पण करडू हातात धरून, कारण गव्हाणीचा दगड अजून तिथंच आहे.

बामाचं काय? नाकाला बाम चोळायचा सल्ला गावोगाव देतात. मी दोनदा केलं. बामाचा वास असेपर्यंत ती गप्प होती, उतरल्यावर पहिल्यासारखीच. कुत्रं जवळ आणायची युक्ती त्यापेक्षा बरी: कुत्रं दिसलं की एखादी शेळी करडापुढं पाय आपटत उभी राहते आणि त्या भरात जवळ घेते. पण बुजरी शेळी उलट करडू सोडून पळते. आपली शेळी कुठल्या जातकुळीची आहे ते तुम्हालाच ठाऊक.

एक चूक फार जण करतात. करडू उपाशी म्हणून दुसऱ्या व्यालेल्या शेळीला लावतात, आणि मग संध्याकाळी आईकडं परत. ती दुसरी चाटते, तिचं दूध पोटात जातं, आणि करडावर तिचा शिक्का बसतो. नंतरच्या प्रयोगांत हेच दिसलं की परक्या आईनं चाटलेलं-पाजलेलं करडू शेळी लगेच ओळखून झिडकारते. कुणाचाच शिक्का नसलेलं त्या मानानं सोपं जातं. तेव्हा भूक भागवायची तर तिचंच दूध काढून बाटलीनं द्या.

चीक थांबू शकत नाही

समजूत पटायला आठवडा लागू दे, पण चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दूध, पहिल्या तास-दोन तासांतच पोटात गेला पाहिजे. शेळीमेंढीच्या वारेतनं रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भाला मिळत नाहीत. ती सगळी चिकातनं यायची असतात, आणि आतडी ती शोषून घेतात ते पहिल्या दिवसापुरतंच, त्यातही पहिले काही तास जास्त. मापासाठी सोपं गणित: वजनाच्या दर किलोला एका वेळी पन्नास मिली, पहिल्या चोवीस तासांत चार वेळा. दोन किलोच्या करडाला शंभर मिली चार वेळा. शेळीला धरून तिचाच चीक काढा, बाटलीला निपल लावा, करडू उभं ठेवून पाजा. मान वर करून घशात ओतलं तर फुप्फुसात जातं.

पण आधी तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं आणि चोखत नसेल तर दूध देऊ नका. करडाचं-कोकराचं अंग ३९ ते ४० अंश सेल्सिअस असतं. आपल्या थर्मामीटरवर माणसाचं नॉर्मल म्हणजे करडाला गारठा. ३७च्या खाली गेलेल्याला आधी ऊब द्या, अंग गरम होऊन चोखायला लागलं की मग चीक. पाच-सहा तास उपाशी राहून गारठलेलं असेल तर डॉक्टरच पाहिजे, त्याला ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं.

म्हणाल, मग थंडीत ओलं करडू आईपाशी ठेवायचं की चुलीपाशी? मी आता असं करते: नाकातोंडाचा चिकटा बोटानं काढते, नाळेला आयोडीन लावते आणि ओलं करडू तसंच आईच्या तोंडापुढं ठेवते. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट आणि खाली भरपूर सुकं काड. आई चाटते तेव्हा करडू कोरडंही होतं, रक्तही फिरतं. अगदीच थरथरायला लागलं तर शेगडी गोठ्यात आणते, करडू घरात नेत नाही.

मेंढ्यांचं वेगळं, आणि जुळ्यांचं आणखी वेगळं

दख्खनी मेंढी पूर्वी बहुधा एकच कोकरू द्यायची, त्यामुळं हे भांडण मेंढ्यांत फार दिसायचं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी वाढली, पैसा वाढला. पण जुळं सांभाळायचं म्हणजे पहिले तास सांभाळायचे, हे आम्हाला अनुभवानं शिकावं लागलं.

मेंढी रानात व्याली की पहिलं कोकरू चाटते, मग दुसऱ्या वेणा येतात. एवढ्यात कळप पुढं सरकतो. तिच्या जिवाची घालमेल होते आणि उठून चालणाऱ्या पहिल्याला घेऊन ती कळपामागं जाते. दुसरं तिथंच बाभळीखाली ओरडत राहतं. संध्याकाळी सापडलं तरी ती त्याला ओळखत नाही. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांवर हेच तपासलं गेलं आणि विल्या जागी निदान सहा तास थांबलेल्या मेंढ्यांची जुळी जास्त जगलेली दिसली. म्हणून वेण सुरू झालेली मेंढी त्या दिवशी चारायला नेऊ नका. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवा. तिला तिथंच पाणी, तिथंच पाला.

एकदा पहिला दिवस धड गेला की पुढं चिंता नसते. संध्याकाळी वाड्यावर खांड (मेंढ्यांचा कळप) परतलं आणि वाघर उघडली की पन्नास-साठ कोकरं एकदम सुटतात. पाच मिनिटं नुसता कल्ला. मेंढी लांबनं आवाज ओळखते, जवळ आल्यावर शेपटीखाली नाक लावून खात्री करते, आणि मगच पाय फाकून उभी राहते. परकं घुसलं तर डोक्यानं बाजूला. तीच ढुशी, पण इथं ती पाहिजेच. नाहीतर दांडगं कोकरू चार आयांचं दूध पिऊन जाईल.

करडू मेलेली शेळी आणि आई मेलेलं करडू

अशी जोडी जुळवायची तर जुन्या मेंढपाळांची जगभर चालत आलेली रीत आहे: मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्याच्या पाठीवर बांधायचं. मला ते जमत नाही, हात कापतो. त्याऐवजी मेलेल्या करडाला पोराचा जुना बनियन किंवा पायमोज्याची नळी चांगली घासून, मुरवून घेते आणि तोच कपडा पोरक्याच्या अंगावर चढवते. शेपटीकडचा भाग झाकला जाईल असा. दोन-तीन दिवसांत त्याचा स्वतःचा वास त्यात मिसळतो, मग कापून काढायचा. करडू रोगानं मेलं असेल तर यातलं काहीच करू नका. शेळी विल्यापासून जितका वेळ कमी, तितकी आशा जास्त. आठवड्यानंतर मी प्रयत्न करत नाही. डॉक्टर कधी हातानं वाट ताणून आईपणा पुन्हा जागा करतात. त्याला शास्त्राचा आधार आहे, पण घरी कुणी हात घालू नये. वाट फाटली तर शेळीच जाईल.

काहीच जमलं नाही, बाटलीवरच वाढवायचं

तेही होतं. चांदीचं ते करडू शेवटी बाटलीवरच वाढलं. बोकड होता. पहिल्या आठवड्यात दिवसातनं पाच वेळा, मग चार, मग तीन. मी जी पुढची चूक केली ती अशी की त्याला घरातच ठेवलं. पोरांच्या पांघरुणात झोपायचा, शाळेच्या फाट्यापर्यंत पोचवायला जायचा. मोठा झाला तो शेळ्यांकडं ढुंकूनही बघेना, दारात उभा राहून पाहुण्यांना शिंगं लावू लागला. पोरं हसायची, मलाही गंमत वाटायची, आत्यांचा पाय मुरगळेपर्यंत.

कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात यावरच लिहिलं होतं. त्यांनी जन्मल्याबरोबर कोकरं शेळ्यांकडं आणि करडं मेंढ्यांकडं वाढवली. मोठे झाल्यावर नरांना जोडीला त्या परक्या आईच्याच जातीच्या माद्या आवडायच्या, आणि नंतर तीन वर्षं स्वतःच्या जातीत ठेवूनही ते बदललं नाही. माद्या मात्र वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच सुधारल्या. आता बाटलीचं करडू असलं की बाटली देऊन लगेच इतर करडांत सोडते. रात्री गोठ्यातच. नावही ठेवत नाही. नर असेल तर पैदाशीसाठी ठेवायचा नाही, वेळेत खच्ची करून घ्यायचा. पाट, म्हणजे मादी करडू, असेल तर ठेवायला हरकत नाही.

आमचा तो बोकड आटपाडीच्या बाजारात नेला, तेव्हा गिऱ्हाईकाच्या मागं न जाता धाकट्याच्या मागं परत टेम्पोत चढत होता. तीनदा उतरवला.